फिनलंडची राज्यघटना नेमकी कोणत्या सालची? १७७२, १९०६, १९१९ की २०००?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पुस्तकात फिनलंडची राज्यघटना १९१९ ची म्हटली आहे, दुसऱ्यात २००० ची. देश स्वतंत्र झाला १९१७ मध्ये, तरी प्रत्येक लेखात १७७२ च्या एका स्वीडिश कायद्याचं नाव येतं. मग खरं कोणतं धरायचं आणि अभ्यासाला सुरुवात कुठून करायची?

सगळी सालं खरी आहेत. घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो. आपल्याला घटना म्हटलं की संविधान सभा, मसुदा समिती आणि २६ जानेवारीसारखी एक ठरलेली तारीख डोळ्यांपुढे येते. फिनलंडमध्ये तशी संविधान सभा कधी बसलीच नाही. तिथला प्रत्येक मूलभूत कायदा त्याच्या आधीच्या कायद्यात सांगितलेल्या दुरुस्तीच्या पद्धतीने जन्माला आला. १८६९ चा कायदा १७७२ च्या चौकटीत झाला, १९०६ चा १८६९ च्या नियमाने, १९१९ चा १९०६ च्या नियमाने, आणि २००० चा त्यापुढच्या नियमाने. ही साखळी डोक्यात बसली की सालांचा गोंधळ उरत नाही.

कुठून सुरुवात करायची हे मात्र तुमच्या कामावर अवलंबून आहे. मूलभूत हक्कांवर लिहायचं असेल तर १९९५ पासून पुढे वाचलं तरी बरंचसं भागतं. राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांच्यातली सत्तेची वाटणी हा विषय असेल तर १९१९ ला पर्याय नाही. आणि घटनेच्या विरोधात जाणारा कायदा घटनेत बदल न करता कसा होऊ शकतो हे समजून घ्यायचं असेल, तर थेट अठराव्या शतकापर्यंत मागे जावं लागतं. मी या साहित्याशी रोज काम करते, त्या अनुभवावरून सांगते की हा तिसरा प्रश्नच फिनिश घटनाकायद्याची गुरुकिल्ली आहे. म्हणून तिथूनच धरते.

१८०९ पर्यंत फिनलंड हा स्वीडनचा भाग होता, त्यामुळे स्वीडनचेच मूलभूत कायदे तिथे लागू होते. त्यातले दोन लक्षात ठेवा: राजा तिसरा गुस्ताव याने १७७२ मध्ये आणलेला शासनविषयक कायदा, आणि त्याच राजाने १७८९ मध्ये आणलेला एकता व सुरक्षा कायदा. दोन्हींचा रोख एकच होता, राजाचा हात बळकट करणं. तरीही नवा कायदा करायला आणि नवा कर बसवायला सरदार, धर्मगुरू, शहरी व्यापारी आणि शेतकरी या चार वर्गांच्या सभेची संमती लागायचीच.

१८०८-०९ च्या युद्धात रशियाने फिनलंड घेतला. मार्च १८०९ मध्ये झार पहिला अलेक्झांडर याने पोर्वो या छोट्या गावात चार वर्गांची सभा बोलावली आणि देशाचा धर्म, मूलभूत कायदे व वर्गांचे हक्क कायम ठेवण्याचं वचन लेखी दिलं. त्या वचनपत्रात ‘मूलभूत कायदे’ एवढेच शब्द आहेत. कोणते कायदे, त्यांची नावं नाहीत. पुढचं शंभर वर्षांचं भांडण या एका मोकळ्या जागेतून उभं राहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये स्वीडनने नवी घटना स्वीकारून गुस्तावचे कायदे मोडीत काढले. म्हणजे ज्या देशात ते जन्मले तिथे ते संपले, आणि रशियाच्या झारच्या अमलाखालच्या फिनलंडमध्ये ते पुढे शतकभर जिवंत राहिले.

झारला हे कायदे का चालले? कारण ते राजाला सोयीचे होते. सभा कधी बोलवायची हे राजाच्या मर्जीवर होतं, त्यामुळे १८०९ नंतर ती थेट १८६३ मध्ये बसली. मधल्या चोपन्न वर्षांत कारभार सिनेट हे स्थानिक सरकार आणि झारचा प्रतिनिधी गव्हर्नर-जनरल यांच्यामार्फत चालला. सभेची संमती लागेल असे विषय बाजूला ठेवले गेले. दुसऱ्या अलेक्झांडरने १८६३ मध्ये सभा पुन्हा बोलावली, आणि १८६९ च्या सभाविषयक कायद्याने किमान पाच वर्षांतून एकदा ती बोलावणं बंधनकारक झालं. त्याच कायद्यात एक नियम होता: मूलभूत कायदा बदलायचा तर चारही वर्गांची संमती हवी. एक वर्ग अडला की बदल अडला. हा नियम विसरू नका, तो वेगळ्या वेषात पुढे परत येतो.

त्या वचनपत्रातली मोकळी जागा १८९० च्या दशकात पेटली. रशियन बाजूचं म्हणणं होतं की झारने एका प्रांताला स्थानिक सवलती दिल्या, बस. लेओ मेखेलीन यांच्यासारखे फिनिश कायदेपंडित म्हणत होते की १७७२ आणि १७८९ हीच आमची घटना, आणि झारही तिने बांधलेला आहे. १५ फेब्रुवारी १८९९ च्या जाहीरनाम्याने दुसऱ्या निकोलसने ठरवलं की साम्राज्याच्या हिताचे विषय रशियात ठरतील, फिनलंडच्या सभेकडे फक्त मत मागितलं जाईल. त्याविरुद्ध सुमारे दोन आठवड्यांत पाच लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. झारने शिष्टमंडळाला भेट नाकारली. पण या काळात फिनिश माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की झाली: आपल्याकडे सैन्य नाही, कायद्याचं कलम आहे, तेव्हा त्याला घट्ट धरायचं. तिथल्या घटनाकायद्यात शब्दाला आणि कार्यपद्धतीला आजही जे वजन आहे, त्याचं मूळ मला या काळात दिसतं.

१९०५ चा सार्वत्रिक संप आणि रशियातली क्रांती यामुळे झारला माघार घ्यावी लागली. २० जुलै १९०६ चा संसद कायदा ही त्याची निष्पत्ती. चार वर्गांची सभा गेली आणि २०० सदस्यांचं एकच सभागृह आलं, एडुस्कुन्ता. स्त्री-पुरुष सर्वांना मत देण्याचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क मिळाला. मार्च १९०७ च्या पहिल्या निवडणुकीत १९ स्त्रिया निवडून आल्या. हा भाग सगळी पुस्तकं सांगतात. ती सहसा सांगत नाहीत ते असं, की चार वर्ग गेल्यावर ‘प्रत्येक वर्गाची संमती’ हा मूलभूत कायद्याभोवतीचा बांधही गेला असता. त्याच्या जागी विशेष बहुमत आलं. घटनात्मक विधेयक साध्या बहुमताने पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबवायचं आणि नव्या संसदेने ते दोन तृतीयांश मतांनी मंजूर करायचं. थांबायला वेळ नसेल तर आधी पाच षष्ठांश मतांनी ते तातडीचं ठरवायचं आणि मग दोन तृतीयांशांनी मंजूर करायचं. घटना समिती, म्हणजे पेरुस्तुस्लाकीव्हालिओकुन्ता, हीसुद्धा त्याच वेळी आली. आजच्या घटनेचं ७३ वं कलम उघडून पाहा, हाच सांगाडा तिथे जवळजवळ जसाच्या तसा आहे.

हा नियम किती जड आहे ते १९१८ मध्ये दिसलं. ६ डिसेंबर १९१७ ला संसदेने १०० विरुद्ध ८८ मतांनी स्वातंत्र्याचा ठराव केला. पाठोपाठ जानेवारी ते मे १९१८ यादवी युद्ध झालं. त्यातल्या समाजवादी, म्हणजे ‘लाल’ बाजूने अगदी वेगळ्या पायावरचा घटनेचा मसुदा तयार केला होता, प्रामुख्याने ओट्टो व्हिले कूसिनेन यांच्या हातचा. पराभवाबरोबर तो कागदावरच राहिला. जिंकलेल्या बाजूत राजेशाहीवाद्यांचं बहुमत होतं आणि समाजवादी खासदार सभागृहात जवळजवळ उरलेच नव्हते. तरीसुद्धा राजेशाहीचं विधेयक तातडीचं ठरवायला लागणारी पाच षष्ठांश मतं जमली नाहीत. अल्पमतातल्या प्रजासत्ताकवाद्यांनी ते रोखलं. मग राजेशाहीवाद्यांनी १७७२ च्या कायद्याचं ३८ वं कलम बाहेर काढलं: राजघराणं खुंटलं तर सभेने नवा राजा निवडावा. त्याच्या आधारे ९ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनीतल्या हेसेचा राजपुत्र फ्रीडरिक कार्ल याची निवड झाली. महिन्याभरात जर्मनी हरली, आणि डिसेंबरमध्ये त्याने मुकुट नाकारला. तो फिनलंडमध्ये राज्य करायला कधी आलाच नाही. स्वीडनमध्ये एकशे नऊ वर्षांपूर्वी रद्द झालेला कायदा स्वतंत्र फिनलंडमध्ये राजा निवडायला वापरला गेला, हे १७७२ चं नाव सतत येण्याचं सगळ्यात ठळक कारण.

मार्च १९१९ च्या निवडणुकीनंतर चित्र पालटलं. के. जे. स्टोलबेरी हे प्रशासकीय कायद्याचे प्राध्यापक प्रजासत्ताकाच्या मसुद्यामागचे मुख्य कायदेपंडित. २१ जूनला संसदेने नवा शासनविषयक कायदा १६५ विरुद्ध २२ मतांनी मान्य केला, आणि १७ जुलै १९१९ ला राजप्रतिनिधी मानेरहाइम यांनी त्यावर सही केली. फिनिशमध्ये याला ‘हालितुसमुओतो’ म्हणतात, १७७२ च्या कायद्याचंच नाव. यात तडजोड स्पष्ट दिसते. दुसरं कलम म्हणतं की सार्वभौम सत्ता लोकांची आणि संसद त्यांचं प्रतिनिधित्व करते. मंत्रिमंडळाला संसदेचा विश्वास हवा. पण राष्ट्राध्यक्षाला संसद विसर्जित करण्याचा, अध्यादेश काढण्याचा, कायदा अडवण्याचा आणि ३३ व्या कलमाने परराष्ट्र संबंध ठरवण्याचा अधिकार. राजा मिळाला नाही, पण राजाचे बरेचसे अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत शिल्लक राहिले.

इथे एक सावधगिरी. १९१९ चा कायदा म्हणजे पूर्ण घटना, असं समजू नका. २००० पर्यंत घटनेचा दर्जा असलेले चार कायदे होते: १९१९ चा हा, १९२८ चा संसद कायदा, आणि मंत्र्यांची जबाबदारी व त्यासाठीचं विशेष न्यायालय यांविषयीचे १९२२ चे दोन कायदे. जुन्या निकालात किंवा अहवालात नुसता कलम क्रमांक दिसला तर तो या चारपैकी कोणत्या कायद्यातला, हे आधी तपासा. ओलँड बेटांचा स्वायत्तता कायदा आणखी वेगळा. तो बदलायला संसदेच्या विशेष बहुमताबरोबर त्या बेटांच्या विधानसभेचीही संमती लागते.

आता गुरुकिल्लीकडे येते. फिनिशमध्ये तिला ‘पोइक्केउसलाकी’ म्हणतात, म्हणजे अपवाद करणारा कायदा. विधेयक घटनेच्या एखाद्या कलमाला छेद देत असेल, तर घटनेचा शब्द बदलायची गरज नाही. तेच विधेयक घटनादुरुस्तीच्या विशेष बहुमताने मंजूर करायचं. घटना जशीच्या तशी राहते, आणि तिच्या शेजारी एक अपवाद उभा राहतो. पुढे तो कायदा रद्द मात्र साध्या बहुमताने होऊ शकतो. याची मुळंही झारच्या काळातल्या वळणात आहेत: मूळ मजकुराला हात लावला तर दुसरी बाजू सगळंच उकरून काढेल, म्हणून मजकूर जपायचा आणि गरजेपुरती वाट काढायची. या वाटेने १९४४ मध्ये मानेरहाइम थेट कायद्याने राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांची मुदत निवडणूक न घेता चार वर्षांनी वाढवली गेली, तीही याच वाटेने. योगायोग असा की त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारालाही मर्यादा आहे असं आपलं न्यायालय सांगत होतं, तेव्हा फिनलंडमध्ये पाच षष्ठांश मतं जमली की पुढे अडवणारं न्यायालय नव्हतं. हा फरक नीट धरून ठेवा. आपल्या सवयीने फिनलंडकडे पाहणारे बहुतेक वाचक इथे चुकतात आणि घटनापीठ शोधत बसतात.

मग अडवतं कोण? घटना समिती. तिच्यात किमान १७ खासदार असतात, सगळे कुठल्या ना कुठल्या पक्षाचे. म्हणून ती नावापुरती असेल असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात समिती घटनाकायद्याच्या प्राध्यापकांची मतं ऐकते, स्वतःच्या जुन्या मतांचे दाखले देते आणि त्यांना धरून राहते. विधेयक घटनेशी जुळतं का, आणि साध्या बहुमताने चालेल की विशेष बहुमत लागेल, हे ती ठरवते, आणि सरकार ते पाळतं. आरोग्य व सामाजिक सेवांच्या पुनर्रचनेची विधेयकं २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये या समितीच्या मतामुळे अडली. दुसऱ्या खेपेला सरकारला मोठा भाग नव्याने लिहावा लागला. करोनाच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, लोकांच्या हालचालींवर बंधनं घालणारं विधेयक समितीचं प्रतिकूल मत आल्यावर सरकारने मागे घेतलं.

मतांचं गणित करताना एक चूक हमखास होते. पाच षष्ठांश आणि दोन तृतीयांश ही प्रमाणं प्रत्यक्ष पडलेल्या मतांची आहेत, २०० ची नाहीत. अध्यक्ष मत देत नाहीत. बाकी १९९ जणांनी मत दिलं तर तातडीसाठी १६६ लागतात, म्हणजे ३४ विरोधक पुरेसे. जुलै २०२४ मध्ये पूर्व सीमेवर आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज तात्पुरते न घेण्याचा कायदा याच वाटेने गेला. मतं पडली १६७ विरुद्ध ३१, एकूण १९८. लागत होती १६५. दोन मतांची फट! २०० चं पाच षष्ठांश काढलंत तर उत्तर १६७ येतं आणि कायदा अगदी काठावर वाचला असं चुकीचं वाटतं.

केक्कोनेन १९५६ पासून १९८२ च्या सुरुवातीपर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. त्या काळात १९१९ च्या कायद्यातली सत्तेची कलमं फारशी बदलली नाहीत, पण राजासारख्या अधिकारांचा पुरेपूर वापर झाला. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९८७ ते १९९१ च्या दुरुस्त्यांनी खुर्ची आवळली: लागोपाठ दोनच मुदती, निवड मंडळाऐवजी थेट निवडणूक (पहिली १९९४ मध्ये), आणि संसद विसर्जन फक्त पंतप्रधानांच्या मागणीवरून. १९८७ च्याच सुमारास सल्लादायी सार्वमताचीही तरतूद आली.

हक्कांचा प्रवास वेगळा आणि उशिराचा. १९१९ मध्ये हक्कांचं प्रकरण होतं, पण ते त्रोटक आणि ‘फिनिश नागरिकां’पुरतं. १९९० मध्ये युरोपीय मानवी हक्क करार मान्य झाला आणि ती यादी अपुरी पडली. १ ऑगस्ट १९९५ पासून प्रकरण पूर्ण बदललं: बहुतेक हक्क ‘प्रत्येकाला’, शिवाय सामाजिक सुरक्षा, शिक्षण, पर्यावरण. हे प्रकरण २००० च्या घटनेत जवळजवळ तसंच उचललं गेलं, फक्त कलमं ६ पासून लागली. त्यामुळे १९९५ ते २००० मधले निकाल वाचताना जुने क्रमांक दिसतील, त्यात गोंधळू नका.

२००० ची घटना म्हणजे हे सगळं एका कागदावर आणणं. विधेयक १९९८ चं. ते मार्च १९९९ च्या निवडणुकीपर्यंत थांबवलं, नव्या संसदेने मंजूर केलं, ११ जून १९९९ ला सही झाली आणि १ मार्च २००० पासून लागू झालं, तार्या हालोनेन राष्ट्राध्यक्ष झाल्या त्याच दिवशी. चार कायदे जाऊन १३१ कलमांचा एक कायदा आला. ६१ व्या कलमाने पंतप्रधान संसद निवडते. ९३ व्या कलमाने परराष्ट्र धोरण राष्ट्राध्यक्ष मंत्रिमंडळाच्या सहकार्याने चालवतात आणि युरोपीय संघाचे विषय मंत्रिमंडळाकडे. ७३ व्या कलमात अपवाद ‘मर्यादित’ असावा ही अट आली. आणि १०६ व्या कलमाने न्यायालयाला पहिल्यांदा जागा मिळाली: समोरच्या खटल्यात कायदा लावणं घटनेशी उघड विसंगत ठरत असेल तर घटनेला प्राधान्य द्यायचं. कायदा रद्द होत नाही, त्या खटल्यापुरता बाजूला ठेवला जातो. ‘उघड’ या शब्दामुळे न्यायालयांनी हे कलम फार जपून वापरलं आहे. माझं स्पष्ट मत असं की हा शब्द काढायला हवा. समिती विधेयक कागदावर पाहते, तो कायदा एखाद्या माणसावर प्रत्यक्ष कसा पडतो हे फक्त न्यायाधीशाला दिसतं.

त्यानंतरच्या दुरुस्त्यांपैकी दोन पुरे. युरोपीय परिषदेच्या, म्हणजे युरोपीय संघातल्या देशांच्या प्रमुखांच्या बैठकीला फिनलंडकडून राष्ट्राध्यक्ष जाणार की पंतप्रधान, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. दोघं गेले तर टेबलावर दोन ताटं मांडावी लागायची, म्हणून लोक त्याला ताटांचंच भांडण म्हणायचे. १ मार्च २०१२ पासून ६६ व्या कलमाने ते ताट पंतप्रधानांना दिलं. त्याच दुरुस्तीने नागरिकांच्या विधेयकाची वाट उघडली: सहा महिन्यांत ५०,००० सह्या. दुसरी दुरुस्ती ऑक्टोबर २०१८ ची. गुप्तवार्तेच्या कायद्यांसाठी १० व्या कलमातली पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेची तरतूद बदलली, आणि तीही पाच षष्ठांशांनी तातडीची ठरवून.

वाचनाचा क्रम विचारलात तर असा ठेवा. आधी आजच्या घटनेची १, २, ७३, ७४ आणि १०६ ही पाच कलमं. मग १९०६ आणि १९१९. त्यानंतरच १७७२, आणि त्यातलंही मुख्यतः ३८ वं कलम. फिनलेक्स या सरकारी संकेतस्थळावर घटना ७३१/१९९९ या क्रमांकाखाली मिळते. फिनिश आणि स्वीडिश मजकूर अधिकृत, इंग्रजी फक्त सोयीसाठी. इंग्रजी प्रत वापरताना २०१८ ची दुरुस्ती, क्रमांक ८१७/२०१८, तिच्यात धरली आहे का ते पाहा. जुन्या प्रती सर्रास फिरत असतात. घटना समितीची कागदपत्रं संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. दुसऱ्या समितीला दिलेलं मत ‘पेव्हीएल’ या खुणेने आणि स्वतःचा अहवाल ‘पेव्हीएम’ने शोधायचा. नमुना म्हणून २०१७ चं पेव्हीएल २६ घ्या, आरोग्यसेवांवरचं. भाषांतर यंत्रावर टाकून वाचलंत तरी समिती कलमामागून कलम कसं तपासते ते कळेल. शेवटचा निष्कर्षाचा परिच्छेद मात्र शब्दकोश घेऊन स्वतः वाचा. विधेयक साध्या बहुमताने चालेल की नाही, आणि चालणार असेल तर कोणत्या अटी पाळून, हे तिथल्या एक-दोन वाक्यांत असतं, आणि नेमक्या त्या ‘पाळल्या तरच’ या शब्दांवर यंत्र अडखळतं.